माशांच्या बारा ताटल्या

४ मार्च

गेले! सगळे पैसे गेले! माझे नाहीत — फोटोवालीचे. मी काम करते त्या वर्कशॉपशेजारी तिचा स्टुडिओ. कॅमेऱ्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी बाई, आणि फोनवरच्या एका गोड गळ्याच्या माणसाला खात्याचे बारा गुप्त शब्द धडाधड वाचून दाखवले! "मॅडम, तुमची क्रिप्टो नाणी धोक्यात आहेत, वाचवायची तर शब्द सांगा." हिने सांगितले. पाच मिनिटांत खातं स्वच्छ.

"मला वाटलं कंपनीचाच माणूस," एवढंच म्हणत बसली होती. मी चहा करून दिला. दुसरं काय करणार?

घरी आले ती थेट कपाटाकडे. माझीही तसलीच नाणी आहेत ना! परदेशातली एक बाई माझे कप घेते आणि पैसे देते ते क्रिप्टोत. मी मोडत नाही, साठवते. त्यांची चावी एका अंगठ्याएवढ्या यंत्रात. यंत्र बिघडलं तर नवीन आणायचं, त्यात आपले बारा शब्द ओळीने घालायचे, की सगळं परत. शब्दच गेले तर मग देवाचं नाव घ्यायचं. आणि ते कुठे होते? किराणाच्या पिशवीवर पेनने लिहून, स्वेटरच्या घडीत! शाबास गं माझी!

६ मार्च

कुठे ठेवू? कागद नको — ओल, उंदीर, आग. फोनमध्ये तर मुळीच नको. पाठ करावेत तर मला स्वतःचा नंबर सांगतानाही अडखळायला होतं.

नवऱ्याला सांगू? अगं बाई! त्याच्या सलूनमध्ये कात्री आणि तोंड एकाच वेगाने चालतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाला मुतखडा झाला, सगळं मला जेवताना कळतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाणी आहेत हेच त्याला ठाऊक नाही, तेच बरं आहे.

११ मार्च

सुचलं!! आयुष्यभर माती मळतेय आणि कागद काय शोधत बसलेय? बाराशे अंशांवर भाजलेली वस्तू ना भिजते, ना जळते, ना उंदीर कुरतडतो. फुटते म्हणा. पण माझी भांडी अशी तशी फुटत नाहीत.

२ एप्रिल

भट्टीतून बाराच्या बारा सुखरूप. वरच्या बाजूला मासे — पहिल्या ताटलीवर एक, दुसरीवर दोन, असे बारापर्यंत. म्हणजे क्रमही आला! आणि बुडाला, आम्ही सही करतो त्या जागी, काळ्या रंगात बारीक एकेक शब्द. वरून ग्लेझचा काचेसारखा थर. घासून जायचा प्रश्नच नाही.

रोजच्या जेवणालाच काढल्या. खरकट्या ताटल्या कोण चोरतंय! नवरा म्हणाला, "मासे मोजून काढलेस?" म्हटलं, "असंच." म्हणाला, "बरं." भांडी तोच घासतो — लग्नाआधीच ठरलेलं. दिवसभर माझे हात पाण्यात, रात्री त्याचे.

पिशवी जाळून टाकली. किती हलकं वाटतंय!

१९ मे

नणंद जेवायला होती. जेवण झाल्यावर बिचारी भांड्यांना उठली तर नवरा सिंकपुढे आडवा! "तू बस. हे माझं काम आहे." बहिणीचा केवढा पुळका! मागच्या वर्षी हाच तिला घासायला लावून सोफ्यावर लोळत होता.

१४ सप्टेंबर

उंच बरणी ओढली आज, घरच्या छोट्या चाकावर. बरणीच्या गळ्यापाशी आले होते, श्वासही जपून. तेवढ्यात नणंद आली. नवरा सलूनला. "वहिनी, केक उरलाय तो पोरांना नेऊ?" "ने गं, हवं ते ने." मान वर केली असती तर बरणी बसलीच असती. केली नाही. काय सुरेख झालीय बरणी!

१७ सप्टेंबर

यंत्र पातळ मातीच्या बालदीत पडलं! एप्रनच्या खिशात होतं आणि मी वाकले. बाहेर काढलं, धुतलं, वाळवलं, फुंकलं. मेलंय.

हसले मी. खरंच! ताटल्या आहेत की. नवीन यंत्र मागवलं.

१८ सप्टेंबर

मास्तरांनी बोलावलं. त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, त्यांच्याच भट्टीत मी इतकी वर्षं भाड्याने भाजतेय. म्हणाले, "गुडघे संपले माझे. खोली, भट्टी, चाकं, सगळं तुला देतो. पण महिनाअखेरपर्यंत पैसे लागतील. टायरवाला दारात उभाच आहे, त्याला गोडाऊन करायचंय."

तिथे टायर! त्या भट्टीत? घरी येईपर्यंत रस्त्यात एकटीच बोलत होते. नाणी मोडली की बरोबर पुरतंय. माझी भट्टी! माझी!! याच दिवसासाठी साठवत होते मी, आणि बघा, आला.

२० सप्टेंबर

यंत्र आलं. ताटल्या ओट्यावर मांडल्या. एक, दोन, तीन... सात मासेवाली नाही. अकरावाली नाही. फडताळात नाही, फ्रिजमध्ये नाही, पलंगाखालीसुद्धा नाही. मग केक आठवला.

पळत नणंदेकडे. "अगं, एकीवर केक, दुसरी वर झाकण. पोरांनी टेबलावरून पाडल्या दोन्ही. कचरा परवाच गेला." मी तिच्या दारातच रडायला लागले. ती घाबरली. "वहिनी, रडतेस काय? तूच तर करतेस ताटल्या! आणखी दोन कर की!"

करते ना. शंभर करते. पण बुडाला काय लिहू?

२१ सप्टेंबर

सातवीवर कुठलंसं जनावर होतं. झेब्रा? अस्वल? अकरावीचं तर काहीच आठवत नाही. हे शब्द ज्या ठरावीक इंग्रजी यादीतून येतात, तिच्यात दोन हजारांवर शब्द. एक हरवला असता तर एकेक घालून बघत बसले असते. दोन शब्दांच्या जोड्या लावायच्या तर पुढचा जन्म लागेल.

२३ सप्टेंबर

इंटरनेटवर एक जण सापडला. "हरवलेले शब्द शोधून देऊ, उरलेले दहा पाठवा." मी पाठवायला बसले! सहा टाइपही केले! वर्कशॉपच्या खिडकीतून शेजारची फोटोवाली झाडांना पाणी घालताना दिसली. तिच्याकडे बघितलं आणि सगळं पुसलं. गाढव आहे मी, पण दोनदा नाही.

नवरा विचारतोय, "बरं नाही का?" म्हटलं, पाठ दुखतेय. त्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्याला काय सांगू? नाणी होती, तुला सांगितली नाहीत, आणि आता ती नाहीतच?

२५ सप्टेंबर

मास्तरांना सांगून आले, जमत नाही. ते भट्टीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "टायरवाला शनिवारी येतोय. तोवर भाजून घे काय ते."

बरणी भाजायला ठेवली. शेवटची.

२६ सप्टेंबर

नणंद आज सलूनमध्ये गेली होती, मुलाचे केस कापायला. जेवण झाल्यावर नवरा सिंकपाशी, पाठमोरा. "सात आणि अकरा फुटल्या ना? सातवर टर्टल होतं. माशांच्या खाली कासव, म्हणून लक्षात राहिलं. अकरावर वेल्व्हेट."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "कधीपासून?"

"मेपासून. एक गिऱ्हाईक बारा शब्दांचं सांगत होतं. घरी येऊन ताटल्या उलट्या केल्या. म्हणून कुणाला भांड्यांना हात लावू देत नाही मी. म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगशील."

"आणि सलूनमध्ये?"

"तिथे लोकांचं बोलतो गं. आपलं कधी बोललोय?"

बाराही शब्द घातले, यंत्र उघडलं, नाणी जागच्या जागी. मास्तरांना फोन केला. मग फडकं घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, ताटल्या पुसायला.