बाबांचा उजवा हात

३ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

बाबांनी उजवा हात उचलला, असं आईने तुला कळवलंय. हात वर गेला हे खरं, पण तो बाबांनी उचलला नव्हता. त्यांना जांभई आली होती. अर्धांगात कधी कधी जांभईबरोबर हात आपोआप वर जातो. आम्ही फिजिओथेरपीवाले बघतो ते वेगळं: सांगितल्यावर, सांगितलं तेवढंच हलतंय का. मी रोज समोर बसून बोटं उघडायला सांगते. त्यांना घाम फुटतो, हात मात्र मांडीवर तसाच. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, आता मशीनकडे पाठ करून बसतो.

दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. ठरल्याप्रमाणे ये. आणि नीट जेवत जा, नाहीतर आल्या आल्या टेप लावून कंबर मोजीन.

तुझी वाट बघणारी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने खरं तर रागच आला. आई कधी नव्हे ती आनंदात आहे, तर तिच्या आनंदावर विरजण कशाला घालतेस? दिवसभर पेशंट बघून तुला बाबाही पेशंटच दिसायला लागलेत. हात वर गेला ना, मग झालं तर.

इथे साहेबांनी नवं काम माझ्यावर टाकलंय. आत्ता सुट्टी मागितली तर ते हातचं जाईल. म्हणून आता मे महिन्यात येतो. बाबांना सांग, तोवर माझा नवा शर्ट शिवून ठेवा.

रागावू नकोस. तुझाच,
गुंड्या

२ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईने बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शर्टाचं तू गमतीत लिहिलंस, त्यांनी मनावर घेतलं. मी दवाखान्यात असताना आईकडून कापड पसरून घेतलं, कात्री उजव्या हातात बसवून घेतली. मी घरी आले तेव्हा कापड फाटलं होतं आणि मूठ कात्रीवर घट्ट आवळली होती. त्यांना ती सोडता येईना. मी एकेक बोट उकललं. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. जांभईचं आता तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर त्यांनी व्यायाम सोडलाय. काल मी समोर बसले, तर म्हणाले की पोरी, तुझे बाकीचे पेशंट खोळंबले असतील. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

मे महिन्यात यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यांना तारीख सांगणार नाही.

लोभ असावा असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.

ताई