विहिरीत दोर कोण सोडणार

ओझर, ६ मे १९७९

चि. भागीस,

सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. माझी खुशाली विशाखाबरोबर गेली आहे.

तुझी भाची शाळेच्या मोहिमेवर तुझ्या कळवण तालुक्यात आली आहे. नववीची बारा मुलंमुली आणि त्यांचे विज्ञानाचे सर. पंधरा दिवस गिरणेच्या काठाने पायी हिंडायचं, गावोगावच्या विहिरींची खोली मोजायची, पाणी बाटलीत भरायचं, दुष्काळात पाणी कुठवर गेलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारायचं. निवड झाली म्हणून मी पेढे वाटले आणि फॉर्मवर न वाचता सही ठोकली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! काल घरातली प्रत वाचली. खाली कामांची वाटणी आहे. विशाखा पगारे, दोर सोडणे व पाणी काढणे.

भागी, परक्या गावाच्या विहिरीत आपली पोर पोहरा टाकणार! सर शहरातले, भले गृहस्थ. त्यांना खो-खो खेळून झालेले पोरीचे दंड दिसले, आडनाव दिसलं नाही. आपल्या आक्काचा कान गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी तिच्या शेजारी उभा होतो. अकरा वर्षांची पोर, गावाच्या विहिरीत एक घागर बुडवली आणि धोंडा बसला. डाव्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही.

तू जा आणि तेवढं काम बदलून घे. सरांना काय वाटेल ते सांग. तुझी वहिनी दोन दिवस धड जेवलेली नाही.

पत्र हातात पडताच नीघ, भावाचं एवढं ऐक.

तुझा,
सावळीराम दादा

कळवण, १० मे १९७९

ती. दादास,

भागीचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि मुलांचे पेपर तपासायचे तसेच टाकून, मुलं कुठे आहेत याची चौकशी करत खिरमाळला गेले.

पोचले तर विहिरीभोवती गावच्या बाया घागरी घेऊन उभ्या, आणि मधोमध आपली विशाखा दोर सोडतेय! कुणी काही बोलायच्या आत सरांना गाठलं आणि सांगितलं की हिला खोल बघितलं की चक्कर येते. धडधडीत खोटं. मास्तरीण होऊन! सर बिचारे घाबरले. तिथल्या तिथे दोर झुंबर नावाच्या मैत्रिणीला दिला आणि विशाखाच्या हातात वही. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

असो, जीव भांड्यात पडला. आता जेव, वहिनीलाही जेवू घाल. आणि खो-खोचे दंड म्हणे! आपल्या बापाने बाजारात पोती वाहिली, ते दंड आहेत ते.

भाचीला मी सांभाळलं, तशी तूही बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
भागी

मुक्काम शाळा, खिरमाळ, १३ मे १९७९

ती. आबांस,

विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि. मी रागावले आहे, आणि ते आधीच सांगितलेलं बरं.

मला चक्कर कधी आली हो? आत्याकडून सगळं काढून घेतलं मी. तुम्हाला वाटतं मला काही ठाऊक नाही. पहिल्या गावात माझे तळवे इतके घामेजले की दोर सटकत होता. दुसऱ्या गावात धोंडाबाई नावाच्या आजींनी पूर्ण नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आबा, तेव्हा मला आक्काआत्याच दिसत होती. मग म्हणाल्या, की दोर जपून सोड, काठ ढिला शे, पाय सांभाळ. चार गावांचं पाणी मी काढलं. पाचव्या गावात मला अडवलं, ते गावाने नाही. माझ्या आत्याने.

शेवटचं गाव धामणवेढे, १९ तारखेला. मोठं गाव आहे. तिथल्या लोकांनी सरांकडे सगळ्यांच्या आडनावांची यादी मागितली. कशाला, ते सरांना कळलं नाही. त्यांनी दिली. मला कळलं. झोप लागत नाही.

तरी दोर मलाच हवा आहे. माझं काम आहे ते. सरांना खरं काय ते लिहा, नाहीतर मी सगळ्यांसमोर सांगेन.

आईला जेवायला सांगा. रागावले तरी तुमचीच,
विशाखा

ओझर, १५ मे १९७९

चि. विशाखास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र तुझ्या आईला अर्धं मी वाचून दाखवलं. पुढचं तिने वाचलं. म्हणाली, खोटं आपण बोललो, निस्तरायचंही आपणच.

सोबत सरांना चिठ्ठी आहे. चक्कर खोटी, भीती खरी, आणि ती कशाची, हे आक्काच्या कानासकट लिहिलं आहे. बापाची परवानगी आहे, हेही लिहिलं आहे. आत्यावर रागावू नकोस, तिला मीच पाठवलं.

धीर आला म्हणून लिहीत नाही, पोरी. त्या यादीचं वाचल्यापासून घास उतरत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी कळवणला येतो आणि १९ ला पहिल्या एस.टी.ने आत्याला घेऊन धामणवेढ्याला पोचतो. आम्ही येईपर्यंत दोर सोडू नकोस. काठावर तुझ्या शेजारी उभे राहू.

फाट्यापासून दोन कोस चालायचं आहे, तेही मे महिन्याच्या उन्हात. भाकरी बांधून आणतो. पाणी आणत नाही.

तुझा,
आबा