पुण्याची लाईट

लाखनी, मंगळवार

आदरणीय संजीव भाऊजी यांस अश्वजितचा सप्रेम जयभीम.

इकडं सारे मजेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. तुमची ॲसिडिटी कशी आहे? (मागच्या खेपेला दोष वडाभाताचा नव्हता, तिसऱ्यांदा ताट तुम्हीच पुढं केलं होतं.) रुचिताताईले जयभीम, भाचीले पापा. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं आईले पहिले ऐकू येते.

तर तुम्ही दिलेला जुना कॉम्प्युटर मी विंडोज काढून लिनक्सवर चालवतो, हे तुम्हाले माहीत आहे. फुकट मिळते, पण त्याचे वाण धानापेक्षा जास्त! एक वाण सोपं, पण आपल्या मनासारखं वळत नाही. दुसरं पाहिजे तसं वळते, पण साधं गाणं वाजवायच्या आधी पोथीभर वाचा. मले दोन्ही पाहिजे होतं ना! उबुंटू नावाचं वाण टाकलं, ते चांगलं चालून राहिलं, म्हणूनच मले चैन पडेना. मग फेडोरा, मग आर्च, एकेक वीट आपल्या हातानं रचून. (जेवण थंड झालं, शिव्या गरम मिळाल्या.) खिडक्या पारदर्शक केल्या, पडद्याखालच्या पट्टीवरची चित्रं इकडची तिकडं नेली. एवढं देखणं झालं भाऊजी, की काम काहीच न करता मी नुसता पाहत बसायचो.

आता आईचं. मोबाईलवर तिले नात नीट दिसत नाही, मोठा पडदाच लागते. दर रविवारी केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून बसते, खालचं डावीकडून तिसरं चित्र दाबते, अन् पुण्याहून नात येते. एवढंच तिचं कॉम्प्युटरचं शिक्षण. या रविवारी मी हायवेवर चहा प्यायले गेलो होतो. तिनं तिसरं चित्र दाबलं. तिथं मी हुकूम टाइप करायची खिडकी ठेवली होती. पडदाभर काळंकुट्ट! आईले वाटलं, पुण्याची लाईट गेली.

अन् बसली ना बोलत! मी आलो तर दारातच थबकलो. "भेऊ नको माय, येईल आता लाईट," असं म्हणत तिनं नात समजून अंधाराले थोपटून थोपटून झोपवलं. मग आवाज बारीक करून ताईले माझं सांगून राहिली. याचं मन कुठंच टिकत नाही, वरठीची नोकरी सोडली, साकोलीचं दुकान सोडलं, आता त्या डब्ब्याच्या मागं लागला. मी गेल्यावर याचं कसं होईल? अन् भाऊजी, काय अवदसा आठवली, मी आत जाऊन सांगितलं, आई, तिकडं कोणीच नव्हतं. तेव्हापासून ती गप्प आहे.

मी मुकाट्यानं मिंट नावाचं वाण टाकलं. सोपं आहे, अन् थोडंफार वळतेही. तिसरं चित्र परत नातीचं. आता हात लावीन तर शपथ!

तुमचा,
अश्वजित

ता. क. खरं काम हे. रविवारी ताईले म्हणायले लावा की पुण्याची लाईट खरंच गेली होती अन् तिनं सगळं ऐकलं. मी खोटा पडलो तरी चालेल. माझं काहीतरी बरं होईल, एवढंही तिनं आईले सांगावं.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवायच्या आधी मिंटवरच्या चित्रांचा फक्त रंग बदलायले बसलो होतो. एकातून एक निघत गेलं. पडदा सध्या काळा आहे. तर भाऊजी, ताईचा मोबाईल आहेच, आईले त्यावरून तेवढं कळवा, की येत्या रविवारीही पुण्यात लाईट नाही.