सुंदराबाईच्या पदरातली ज्वारी

जानराव,

तुला 'चिरंजीव' लिहायला आज हात धजत नाही.

गेल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा आपला वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार देवराव याची बायको सुंदराबाई बाळंतीण होती. तिच्या आईने मला लहानपणी कडेवर वागवलं, म्हणून मी तिच्या पदरात दोन पायल्या ज्वारी घातली.

गुढीपाडव्याला मी पुन्हा आले, त्या दिवशी देवरावचं साल संपलं. अकोल्याला कचेरीत चपराशाची जागा मिळत होती. तो हात जोडून म्हणाला, "पाटील, आता मले जाऊ द्या."

तू हसलास. "ज्वारी खाल्ली ना? थे पुढल्या सालाची उचल होती. साल भरून जाय."

"थे तं बाईनं पदरात टाकली जी!"

"इचार बाईले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चारचौघांत तुझा मान राहावा म्हणून मी मुकाट्याने आत गेले. देवराव पुन्हा वर्षभर बांधला गेला. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

मला तुझी किळस येते, जानराव, आणि माझी त्याहून जास्त. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दोन भाषा शिकवल्या. 'मीच दिली' एवढं मला एकीतही म्हणता आलं नाही. माहेर तुटेल या भीतीने हे पत्रसुद्धा मी टपालात टाकणार नाही.

तुझीच सख्खी बहीण,
जमुना