पायपातला करंट

३ ऑक्टो. शुक्र.
बेबीला परत झटका बसला. मेसच्या ओट्याचा पत्रा पुसत होती, ओरडली, फडकं फेकलं. नणंद आहे, नाटकं नवीन नाहीत. मग मीच हात लावला. खांद्यापर्यंत गेला. नाटक नाही. वायरींचा लोखंडी पाईप भिंतीवरून येतो तो ओट्याला टेकलाय, तिथूनच. बिल्डिंगच्या मालकाला फोन केला. "चप्पल पहन के काम करो, भाभीजी." अन्न शिजतं तिथे चप्पल? ठेवला फोन.

४ शनि.
अस्लम मिस्त्री येऊन गेला. म्हणे करोल बागेतल्या या जुन्या बिल्डिंगीत अर्थिंगची वेगळी वायर नाहीच, पाईपच अर्थिंग. वायर कुठे सोलली तर करंट पायपातून जमिनीत जायचा, फ्यूज उडायचा, कळायचं. पण खालच्या गाड्यांच्या सीट कव्हरवाल्याने दुकानात फॉल्स सीलिंग करताना मधला पाईप कापून प्लास्टिकचा घातला. आता करंटला वाट नाही, फ्यूज उडत नाही, पाईप नुसता भरून बसलाय.
"फिर?"
"अर्थ की हरी वायर डालनी पड़ेगी, नीचे बोर्ड तक. उसकी सीलिंग खुलेगी."
सीट कव्हरवाला दिवाळीआधी छताला हात लावू देत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणे. आणि आम्ही इथे काय...

६ सोम.
मालकाने सांगितलं म्हणून अस्लमने वायरींच्या पायपापासून एक वायर ओढून नळाच्या पायपाला बांधली. चहा निवायच्या आत काम झालं. ओट्याला हात लावला, काही नाही. बेबी लावेना. तिचा हात धरून लावला. "वहिनी, सोडा!" मग स्वतःच हसत बसली. जेवणारी पोरं सगळी लातूर-परभणीकडची. एक म्हणतो, "मावशी, आता झटका फक्त भाजीत राहिला." हसा. दिवसभर ओट्याशी उभं राहून कंबर मोडली माझी.

८ बुध.
वरच्या पी.जी.तली तेजू डबा न्यायला आली. नागपूरची. "काकू, परवापासून आंघोळ करताना नळाला हात लावला की हाताला मुंग्या येतात हो."
परवा. वायर बांधली तेव्हापासून. वर सगळ्या पोरी, ओल्या अंगाने.
अस्लमला फोन. "पानी की लाइन भी नीचे प्लास्टिक की है, भाभी. करंट नीचे जाएगा नहीं, ऊपर गीले बाथरूम में ही उतरेगा." मग बांधलीस कशाला रे? "मालिक ने बोला."
वायर सोडली तर बेबी मरेल, ठेवली तर पोरी. मेन खाली केला, आमच्या लाइनचा (जिन्याचे दिवेही त्यावरच) चिनी मातीचा फ्यूज उपटला, पिशवीत टाकला. फ्रिज बंद, मिक्सर बंद, पंखे बंद. बसा.

९ गुरु.
पिठलं-भात. पोरं घामाने निथळत जेवली. दोघं दुसरी मेस बघून आले, सांगायलाही लाजले नाहीत. मालक जिन्यातून ओरडले, "फ्यूज दे दो, भाभीजी, तमाशा मत करो."
"पहले सीलिंग खुलवाओ."
सीट कव्हरवाला मधेच, "दिवाली के बाद, बहनजी, पक्का." तोवर पोरींनी आंघोळी करू नयेत का? मतलबी मेला.

१० शुक्र.
सकाळपासून मालक फिरकले नाहीत. वाटलं, सुटलं एकदाचं. बेबी डाळ निवडता निवडता म्हणते, "वहिनी, असले फ्यूज बाजारात ढिगाने मिळतात. ते नवा आणतील की."
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी मोठी झाले आणि.
स्टूल उचललं, जिन्याखाली बोर्डासमोर येऊन बसले. लिहितेय ते इथेच.
अस्लम आलाय. हातात कागदाची पुडी, नवा फ्यूजच. "उठो ना, भाभी. मेरी भी नौकरी है."
म्हटलं, "लगा ले. फिर ऊपर जाके गीले हाथ से नल तू ही पकड़ेगा."
पुडी उघडत नाही. जातही नाही. उभा आहे नुसता.