आईला विमानाचं सांगू नका

बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर बोलले तर तुमच्या शेजारी बसलेली आई ऐकेल, म्हणून लिहून पाठवतेय.

विमान आजही रद्द झालं. काळजी करू नका, कंपनीने हॉटेल दिलंय, जेवणही फुकट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नियमात बसतं ते सगळं मिळेल."

मी म्हटलं, "मग आई मला विसरायच्या आत घरी पोचव बाई." बिचारीने जेवणाचं आणखी एक कूपन हातात ठेवलं.

तुम्ही वेळेवर जेवताय ना?

आईला फक्त 'ठमी उद्या येतेय' एवढंच म्हणा. कालचं तिला आठवत नाही, तेव्हा रोज नव्याने खूश होईल. पण कधी तिने "कोण ठमी?" असं विचारलंच, तर तेवढं मला कळवू नका.

वाटेतच अडकलेली,
तुमची ठमी