तांबेऱ्याचा टिळा

५ मे
पैठण रस्त्यावरील संशोधन-प्रक्षेत्रावर आज आमचे सवाद्य नसले तरी सधूळ आगमन झाले. तांबेरा रोगाला दाद न देणारे कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, निर्माण करणे, हे आमचे अवतारकार्य. गुरांना त्याची वार्ता नाही. गारखेड्यात घर मिळेपर्यंत निवास येथेच. रविवारी कन्या सावनी ग्रंथसंपदा लावायला येईल. प्रत्येक ग्रंथावरील धूळ फुंकून पित्याचा आळस जगजाहीर करणे, हा तिचा कुलाचार.

६ मे
रोपांची परीक्षा रोग लावूनच होते. कडूबा, येथील जुना गडी, डबीभर ताजा तांबेरा, म्हणजे त्या बुरशीची भुकटी, घेऊन आला. अंगठ्यावर चोळला; अप्रतिम केशरी! विनोदबुद्धीला ऊत येऊन आम्ही त्याचाच टिळा कपाळी रेखला. चहा आणणारी सरूबाई हसली नाही. कडूबाला म्हणाली, की सायबानं आपल्याच हातानं लावून घेतलं बग. मागच्याला तर धरावं लागलं व्हतं. ग्रामीण विनोद गहन असतो.

७ मे
एक शंका. तांबेरा जिवंत यजमानावरच वाढतो. वैशाखात शिवार करपलेले, आमची रोपे अद्याप निरोगी. मग हा रोज ताजा कोठून येतो? कडूबाने अदबीने सांगितले, की मागल्या खोलीत सावलीला जपलाय. पर आता सुकत चाललाय, नवा लागंल. कपाळ खाजते आहे.

८ मे
मागची खोली उघडी होती. खाटेवर विश्वजीत, माझा पूर्वाधिकारी. राजीनामा देऊन गेला, असे मला सांगितले होते. जिवंत आहे. सर्वांगावर केशरी पुटकुळ्या. कडूबा कुंचल्याने त्या डबीत झाडत होता. विश्वजीतची दृष्टी माझ्या कपाळावर खिळली होती.

९ मे
दाराला बाहेरून कडी. फोन नेला. टिळ्याखाली फोड — आता मानेवर, दंडावर. शास्त्रीय कुतूहल म्हणावे तर — नाही. भय. सरूबाईने खिडकीतून बजावले, की जेवून घ्या, असं सुकू नका. पोरीला आणायला जीप धाडतोय, कोवळ्यावर लई झ्याक येतं.
सावनीला नको. मला ठेवा. सावनीला —

१० मे
जीप आली. ओरडतो — आवाज नाही, घशातून नुसती केशरी धूळ. ती दाराशी उभी. बाबा, बाबा म्हणते आहे.
हे पान फटीतून सरकवतो. सावनी, कडी काढू नकोस. पळ.
लिहितो त्यावरच धूळ बसते — अक्षरे दिसणार नाहीत — बाळ, वाचण्याआधी फुंकर मारू न—